हिवाळ्याची भिंत: जुन्या चौकटी, घरातले कागद आणि संध्याकाळचा दिवा

माझी पहिली भिंत मी भर दुपारी सजवली. खिडकीतून छान ऊन येत होतं, चित्रांच्या सात चौकटी सरळ रेषेत लागल्या होत्या, मागे सरकून पाहिलं तेव्हा स्वतःवरच खूश झाले. संध्याकाळी ट्यूबलाइट लावली आणि सातपैकी चार काचांमध्ये ट्यूबलाइटच दिसायला लागली. पाचवीत मी दिसत होते, हातात हातोडी घेऊन.

तेव्हापासून एक नियम पाळते. भिंतीबद्दलचे निर्णय संध्याकाळी घ्यायचे, दिवा लावून आणि बसून. खिळे दिवसा ठोका हवं तर. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो, माणसं घरात जास्त थांबतात, आणि भिंतीकडे लक्ष जातं ते बहुतेक खुर्चीत टेकल्यावर, दिव्याच्या उजेडात. दुपारच्या उन्हात उभं राहून केलेली मांडणी नेमकी तेव्हाच उघडी पडते.

१. आधी भिंत, मग चित्रं

आज संध्याकाळी तुमच्या नेहमीच्या जागी बसा आणि नजर आपोआप कुठे जाते ते बघा. तीच भिंत घ्यायची. दारातून शिरल्यावर समोर दिसणाऱ्या भिंतीचा मोह सगळ्यांना होतो, पण ती पाहुण्यांची भिंत. पाहुणे ती दोन मिनिटं बघतात.

मग त्या भिंतीला तळहात लावा. घराच्या बाहेरच्या बाजूची भिंत हिवाळ्यात आतल्या भिंतींपेक्षा थंड असते. खोलीतल्या उबदार हवेत बाष्प असतं आणि थंड पृष्ठभागाला लागलं की त्याचं पाणी होतं. चौकटीच्या मागे हवा खेळत नाही, खोलीची ऊब पोचत नाही, त्यामुळे तिथे भिंत आणखी गार पडते आणि ओल नेमकी तिथेच साचते. जुन्या बाजारातून आणलेलं एक जलरंगातलं चित्र मी अशाच भिंतीवर टांगलं होतं. समोरून तीन महिने अगदी झकास दिसत होतं. उतरवलं तेव्हा मागच्या पुठ्ठ्यावर काळ्या बुरशीची नक्षी होती आणि कागदाच्या खालच्या कडेला लाट आली होती. म्हणून कागदावरची चित्रं आतल्या भिंतीवर लावा. बाहेरच्या भिंतीवाचून पर्यायच नसेल तर चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे किंवा नमद्याचे जाड तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि चौकट यांत बोटभर फट राहते आणि हवा फिरते.

हीटर किंवा शेगडीच्या वरची जागा सोडून द्या. दिसायला ती सगळ्यात सुंदर जागा, पण वर चढणाऱ्या कोरड्या गरम हवेने लाकूड आकसतं, चौकटीचे सांधे उघडतात आणि तैलरंगाला भेगा जातात.

उन्हाचंही बघून ठेवा. हिवाळ्यात सूर्य आकाशात खालून जातो, त्यामुळे उन्हाळ्यात सावलीत असलेल्या भिंतीवरही ऊन तिरपं आतपर्यंत येऊ शकतं. जलरंग, छायाचित्रं आणि जुनी शाई उजेडाने फिकी होतात आणि गेलेला रंग परत येत नाही. संग्रहालयांत कागदावरच्या कामांवर साधारण ५० लक्स एवढाच उजेड ठेवतात, तो याचसाठी. घरात इतका अंधार करून बसायची गरज नाही, फक्त थेट ऊन टाळा.

२. घरातलं आधी बाहेर काढा

नवखे लोक थेट जुन्या बाजाराकडे धावतात आणि चार दिवसांत दहा चौकटी घेऊन येतात. त्यांची भिंत मग दुकानासारखी दिसते. आधी कपाटं उघडा. आजीच्या अक्षरातलं पत्र, मुलीने तिसरीत काढलेलं घर (ज्याला दारापेक्षा कडी मोठी आहे), घडीवर फाटलेला नकाशा, अर्धवट सुटलेला भरतकामाचा तुकडा, वहीत दाबून ठेवलेलं पान. अशा दोन-तीन वस्तू पुरतात. बाकीची चित्रं त्यांच्या भोवती जमतात, आणि परक्याच्या घरातून आलेलं चित्रही मग आपलं वाटायला लागतं.

अर्धवट भरतकामाला मी मुद्दाम जागा देते. माझ्याकडे एक आहे, कापडावर निळ्या पेन्सिलीत फांदी छापलेली, पाच पानं भरलेली, सहाव्याला सुई टोचलेली खूण. दिव्याच्या तिरप्या उजेडात ती भरलेली पानं उठून दिसतात आणि पेन्सिलीची जवळपास नाहीशी होतात. काच लावली असती तर हा खेळ दिसलाच नसता.

काही सावधगिरी मात्र हवी. जुनी छायाचित्रं टांगायची तर प्रत काढून टांगा आणि मूळ फोटो अंधाऱ्या, कोरड्या डब्यात ठेवा. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका. काचेसकट स्कॅन करा. प्रवासाची तिकिटं आणि पावत्या हल्ली बऱ्याचदा उष्णतेने छापणाऱ्या कागदावर असतात, त्यांची अक्षरं काही वर्षांत उडून जातात, त्यामुळे त्यांचीही रंगीत प्रत काढूनच वापरा. पानं, फुलं टीपकागदात घालून जड पुस्तकांखाली दोन-तीन आठवडे राहिली की चौकटीत जायला तयार होतात. घाई केलीत तर आत राहिलेला ओलावा काचेवर धुकं धरतो.

३. जुन्या बाजारात काय बघायचं

पहिलं नाक वापरा. कुबट वास येत असेल तर बुरशी आहे, आणि ती एकाच चित्रापुरती राहील याची खात्री कोणी देऊ शकत नाही. मग चौकट उलटी करा. जुन्या वस्तूची खरी माहिती पाठीवर असते. लाकडात टाचणीच्या डोक्याएवढी भोकं असतील आणि चौकट हलवल्यावर पिठासारखी ताजी भुकटी पडत असेल तर आत भुंगा जिवंत आहे. चित्र कितीही आवडलं तरी ते तिथेच ठेवा. कागदाची कड कुरतडल्यासारखी पातळ झाली असेल तर ते कसरीचं काम. कागदावरचे तपकिरी ठिपके तेवढे घातक नसतात. मला तर ते हिवाळ्याच्या भिंतीवर शोभतात असंच वाटतं, पण त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

विक्रेता ‘हाताने काढलेलं’ म्हणाला की भिंग काढा. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं. छापील चित्रात निळे, गुलाबी, पिवळे, काळे बारीक ठिपके फुलासारखे मांडलेले दिसतात. खऱ्या जलरंगात तसे ठिपके नसतात, तिथे रंग कागदाच्या खाचांत साचलेला दिसतो. तांब्याचा कोरलेला पत्रा दाबून काढलेल्या छापचित्राभोवती पत्र्याच्या कडांचा चौकोनी दाब कागदात बोटाला लागतो. खाली पेन्सिलीने १२/५० असं लिहिलेलं असेल तर पन्नास प्रतींतली ती बारावी. छापील म्हणून टाकाऊ असं मुळीच नाही. फक्त छापीलच्या भावात घ्या.

चौकट चांगली आणि चित्र रद्दी, हा सौदा मला सगळ्यात आवडतो. कारण चित्र घरी छापता येतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये आणि अमेरिकेच्याच स्मिथसोनियन या संग्रहालय-समूहाने २०२० मध्ये आपल्या लाखो कलाकृतींच्या प्रतिमा कोणालाही मोफत वापरायला खुल्या केल्या. ॲम्स्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयाचा संग्रहही असाच उतरवून घेता येतो. फक्त फाइल किती मोठी आहे ते बघा. ए-४ आकारात स्वच्छ छपाईसाठी साधारण २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल लागतात आणि ए-३ साठी ३५०८ गुणिले ४९६१. छापताना मॅट कागद घ्या. चकचकीत कागदावर दिवा दिसतो, आणि वर काचही आली की चित्र शोधावं लागतं.

हिवाळा म्हणजे बर्फ, हे समीकरण मला पटत नाही. चार बर्फाची चित्रं शेजारी लावलीत तर खोली दवाखान्यासारखी पांढरी होते. बर्फ हवाच असेल तर ज्यात तो पांढरा नाही असं चित्र शोधा. फ्रेंच चित्रकार मोनेने १८६८-६९ मध्ये बर्फातल्या फाटकावर बसलेला मॅगपाय पक्षी रंगवला. त्यातल्या सावल्या निळ्या आहेत, आणि त्या निळ्यामुळेच उरलेला बर्फ उन्हात असल्यासारखा वाटतो. फ्लेमिश चित्रकार ब्रूगेलच्या १५६५ च्या, बर्फातून परतणाऱ्या शिकाऱ्यांच्या चित्रातही बर्फापेक्षा जास्त लक्षात राहतात ती काळी झाडं आणि हिरवट आभाळ. अशी खोल रंगाची चित्रं पिवळ्या दिव्याखाली उजळतात. फिकी, धुरकट चित्रं दिवसा छान दिसतात आणि रात्री राखाडी पडतात. घेण्यापूर्वी फोनमधला उजेड तिरपा पाडून बघा. दुकानदाराला विचित्र वाटेल, वाटू दे.

४. चौकट उघडून साफ करणं

या कामाला एक मोकळी दुपार ठेवा. टेबलावर जुनी चादर पसरा, चौकट पालथी घाला. मागे बहुधा तपकिरी कागद ताणून चिकटवलेला असतो. तो बोथट सुरीने कडेने कापून काढा, पण फेकण्याआधी त्यावर काही लिहिलं आहे का ते वाचा. त्याखाली गंजलेल्या चुका, म्हणजे बारीक खिळे असतात. त्या पकडीने वर न उपटता चौकटीच्या आतल्या बाजूकडे हळू वाकवत काढा, नाहीतर लाकूड फाटतं. मग पुठ्ठा निघतो. माझ्या एका चौकटीत पुठ्ठ्याऐवजी जुन्या कॅलेंडरची सहा पानं घालून जाडी भरली होती. सातवं पान म्हणजेच मी मोठ्या कौतुकाने आणलेलं चित्र. वरचं भोक माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या खिडकीखाली लपवलेलं होतं.

जुना पुठ्ठा टाकून द्या. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त पुठ्ठ्यात आम्ल असतं, त्याने कागद वर्षानुवर्षं भाजल्यासारखा तपकिरी होत जातो. माउंटच्या खिडकीलगत कागदावर तपकिरी रेघ दिसते ती याचीच. नवा पुठ्ठा आणि माउंट आम्लमुक्त मागा. चित्र सेलोटेपने चिकटवू नका. तो पिवळा पडतो, डाग सोडतो आणि शेवटी सुटतोच. कागदाचे कोपरे खोचायला फोटोच्या अल्बमला वापरतात तसे कोपरे चालतात. त्यात चित्र अडकतं, चिकटत नाही.

काच दोन्ही बाजूंनी पुसा, पण पाणी फडक्यावर घ्या, काचेवर फवारू नका. आतली बाजू पूर्ण वाळल्याशिवाय चौकट बंद करायची नाही. जुन्या चौकटीवरचा सोन्याचा वर्ख बऱ्याचदा पाण्यात विरघळणाऱ्या सरसावर बसवलेला असतो. ओला फडका फिरवलात की वर्ख फडक्यावर येतो, तेव्हा तिथे फक्त मऊ कोरडा कुंचला. जुना रंग कोरड्या पॉलिशकागदाने घासू नका, त्यात शिसं असू शकतं. आणि तैलचित्रावर काहीतरी चोळून चमक आणायचे जे घरगुती उपाय सांगितले जातात त्यांच्या नादी लागू नका. धूळ झटकली की तुमचं काम संपलं.

५. कागदावर मांडणी

प्रत्येक चौकट वर्तमानपत्रावर ठेवून तिच्या आकाराचा तुकडा कापा. जिथे खिळा येणार तिथे फुली मारा. हे कागद मास्किंग टेपने भिंतीला लावा, आणि मग किमान दोन संध्याकाळी त्यांच्याकडे नुसतं बघत बसा. हलवायला सगळ्यात सोपी असलेली ही पायरी लोक सगळ्यात घाईत उरकतात.

सगळ्यात मोठी चौकट अगदी मध्यावर न ठेवता जरा डावीकडे किंवा उजवीकडे सरकवा, बाकीच्या तिच्याभोवती वाढू द्या. दोन चौकटींत पाच ते आठ सेंटीमीटर अंतर ठेवा. त्याहून जास्त ठेवलंत तर त्या एकमेकींशी फटकून वागतात. सोफ्याच्या वर लावताना पाठीपासून पंधरा-वीस सेंटीमीटर सोडा.

उंचीसाठी बहुतेक ठिकाणी एकच आकडा सांगतात, जमिनीपासून चित्राच्या मध्यापर्यंत साधारण १४५ सेंटीमीटर. तो उभ्या माणसाच्या नजरेचा आकडा आहे. बैठकीच्या खोलीत मी मध्य १२५ ते १३५ वर आणते. शेजारून कोणी ‘जरा खाली नाही का वाटत?’ म्हणालं तर त्यांना बसायला सांगा.

भिंत जमिनीपासून छतापर्यंत भरून टाकायची पद्धत जुनी आहे. पॅरिसमध्ये लूव्र राजवाड्याच्या सालाँ कारे नावाच्या दालनात १७२५ पासून फ्रेंच कला अकादमीची प्रदर्शनं अशीच भरत, आणि प्रदर्शनाला ‘सालाँ’ हे नाव त्या दालनावरूनच पडलं. तिथे चित्रकार चांगल्या जागेसाठी भांडत, कारण छताजवळचं चित्र कोणाला दिसत नसे. घरातही तेच होतं. नवख्यांनी पाच ते सात चौकटींवर थांबावं.

छोट्या घरगुती वस्तूंना मोठं माउंट द्या. तळहाताएवढ्या पत्राभोवती सात-आठ सेंटीमीटर कोरा कागद आला की ते मोठ्या चित्रासमोर दबत नाही. आणि एक रंग तीन ठिकाणी दिसेल असं बघा, मग चौकटी कशाही असोत. माझ्या भिंतीवर तो विटकरी आहे. एका चित्रातलं छप्पर, भरतकामाचं एक पान, नकाशातला रस्ता.

६. खिळा कुठे

तराजूवर वजन करा. हलक्या चौकटीला तिरका ठोकलेला खिळा पुरतो, टोक भिंतीत खाली झुकलेलं, डोकं वर. विटांच्या भिंतीत दोन-तीन किलोच्या पुढे गेलात की ड्रिलने भोक, प्लास्टिकचा प्लग आणि स्क्रू. नुसत्या गिलाव्यावर विसंबू नका. जिप्समच्या पोकळ भिंतीला तिचे वेगळे प्लग मिळतात. विजेच्या बटणांच्या आणि सॉकेटच्या सरळ वर, खाली आणि बाजूच्या रेषेत भोक पाडू नका, तिथून तारा गेलेल्या असतात. चिकटणाऱ्या पट्ट्या वापरायच्या तर भिंतीचा रंग पक्का हवा. पोपडे धरणाऱ्या किंवा खडूसारख्या रंगावर त्या रंगासकट खाली येतात, बहुधा रात्री दोन वाजता.

मापात सगळे एकाच ठिकाणी चुकतात. खिळा चौकटीच्या वरच्या कडेला येत नाही, तारेच्या जागी येतो. तार बोटाने मधोमध वर ताणा आणि तिथपासून चौकटीच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. समजा चौकट ५० सेंटीमीटर उंच आहे, मध्य १३० वर हवा आहे आणि तार वरून ६ सेंटीमीटर खाली येते. १३० मध्ये निम्मी उंची, म्हणजे २५ मिळवा, त्यातून ६ वजा करा. खिळा १४९ वर. हा आकडा वर्तमानपत्राच्या फुलीशी जुळला तर कागदातूनच ठोका आणि कागद फाडून काढा.

एकाऐवजी दोन खिळे, मध्ये वीतभर अंतर, म्हणजे दार आपटलं तरी चौकट तिरकी होत नाही. दोन्ही खिळ्यांवर पाणसळ ठेवून घ्या. दोन खिळ्यांवर तार कमी ताणली जाते, तेव्हा तारेचं माप एका बोटाऐवजी दोन बोटांनी, त्याच अंतरावर घ्या.

७. दिवा

छताच्या मधोमध लावलेला दिवा भिंतीचा शत्रू. त्याऐवजी भिंतीच्या कडेला उभा दिवा ठेवा, म्हणजे उजेड तिरपा पडतो आणि बसलेल्या माणसाच्या डोळ्यात उलटून येत नाही. बल्ब साधारण २७०० केल्विनचा उबदार घ्या, आणि खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० किंवा जास्त लिहिलेला. त्याहून कमी असला की तांबडे आणि मातकट रंग मेल्यासारखे दिसतात. वरून दिवा सोडायचा असेल तर उभ्या रेषेपासून साधारण ३० अंशांनी झुकवा.

तरीही एखाद्या काचेत दिवा दिसतोच. अशा वेळी चौकटीमागच्या कड्या थोड्या खाली बसवा. चौकट वरून पुढे झुकते आणि चमक जमिनीकडे जाते. तेवढ्याने भागलं नाही तर तिथे काच नसलेली वस्तू लावा, तैलचित्र किंवा कापड. मी माझी सात चित्रं अशीच आपापसांत बदलली. नवीन काहीच आणावं लागलं नाही.

सगळं लावून झाल्यावर दर पंधरा दिवसांनी चौकटीची खालची कड हलकेच ओढून मागे बोटं फिरवा. ओलसर लागलं तर चौकट त्याच दिवशी उतरवा, भिंत पुसून वाळू द्या आणि ते चित्र आतल्या भिंतीवर न्या. हिवाळा सरल्यावर चित्रं उतरवाल तेव्हा प्रत्येकाच्या पाठीवर, पुठ्ठ्यावर, पेन्सिलीने खिळ्याची उंची लिहा आणि चौकटी उभ्या, काचेला काच लावून, मध्ये पुठ्ठा घालून ठेवा.